पोरं धंद्यात उतरतात की ढकलली जातात?

माणदेशी गडी:
परवा सदाशिव पेठेत गेलतो. सहा वर्षं एमपीएससी केली मी तिथं, आता आटपाडीत पशुखाद्य विकतो. जुन्या अभ्यासिकेखाली चहाची गाडी लावलेला पोरगा ओळखीचा निघाला, दोनदा मेन्स दिलेला. म्हणला, जाहिरात कधी निघतीय बघत बसलो तर वय निघून जाईल. आपल्याकडं धंद्याची सुरुवात बहुतेक अशीच होते, दार बंद झालं म्हणून. ते पॅशन-बिशन नंतर रील करताना आठवतं.

फाउंड्रीवाला:
बहुतेक?? पेठेवरनं महाराष्ट्र मोजताय राव. आमच्या कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत या. सीएनसी मशीनवरचा ऑपरेटर पाच-सात वर्षं गपगुमान पगार घेतो आणि एक दिवस त्यानंच काढलेल्या पार्टचं बिल त्याच्या नजरंला पडतं, मालक किती लावतो, आपल्याला किती मिळतं, झालं, त्या रात्रीपासनं झोप उडते गड्याची. मग सेकंडहँड लेथ, भाड्याचा गाळा, जॉबवर्क. नोकरी होती की हातात! मी पण असाच बाहेर पडलो.

नाव नको:
सबसिडी दिसली की धंदा सुचतो, एवढंच आहे हे सगळं. 😄

कांडपवाली:
@नाव नको एकदा फाईल करून बघा मग बोला. पीएमईजीपी, म्हणजे केंद्राच्या कर्ज-सबसिडीच्या योजनेतनं मसाला कांडप टाकलं मी. गाव ग्रामीण, त्यात बाई, म्हणून ३५ टक्के सबसिडी. ऐकायला गोड, पण ते पैसे तीन वर्षं बँकेतच अडकून, हातात दमडी नाही आणि हप्ता आहेच. तेवढ्यासाठी कोण पहाटेपासनं मिरच्या कांडत खाकरत बसेल? मी काढलं कारण लेक साडेबाराला शाळेतनं येते आणि दुपारी घरी सोडणारी कंपनी मला काय सापडली नाही. आता याला उतरणं म्हणा नाहीतर ढकलणं.

माणदेशी गडी:
ताई, हे माझ्याच बाजूचं झालं की. आणि आजचंच कशाला, लक्ष्मणराव किर्लोस्कर घ्या. मुंबईत व्हीजेटीआयला शिकवायचे, हक्काची बढती डावलली म्हणून नोकरी सोडली. तिथं बढती मिळाली असती तर किर्लोस्करवाडी कुठली?

फाउंड्रीवाला:
अर्धीच गोष्ट सांगताय. बेळगावात सायकलचं दुकान १८८८ लाच सुरू झालेलं, नोकरी चालू असताना. हे मुंबईतनं सायकली पाठवायचे, भाऊ तिकडं विकायचा. बढतीचं नंतर. किडा आधीच होता डोक्यात, अपमानानं फक्त राजीनामा लिहून घेतला. तुमच्या चहावाल्याचं पण बघा, गाडी लावायची तर पेठेतच लावायची, रात्री दोनला पोरांना चहा लागतो हे त्याला ठाऊक. हा हिशोब ढकललेल्या माणसाचा वाटतो का?

माणदेशी गडी:
हिशोब गरजेनं पण येतो हो. त्यानं अजून पुस्तकं विकली नाहीत, गाडीखाली खोक्यात ठेवलीत.

कांडपवाली:
किर्लोस्करांना दुकान बघायला भाऊ तरी होता. आमच्या सासूबाई कांडप सुरू झालं की टीव्हीचा आवाज वाढवतात.