टायरला डिझेल फासायचा सल्ला देणाऱ्यांनी आधी हे वाचा

मिरजेचा तंबोरा
काल हळदपेठ यांनी इथे फोटोसकट सल्ला टाकला: "पॉलिशच्या बाटलीवर पैसे घालवू नका. डिझेलमध्ये थोडं जुनं इंजिन ऑइल मिसळा आणि फडक्यानं टायरला मारा. टायर काळाकुळकुळीत होतो, आयुष्यही वाढतं." खाली अंगठ्यांची रांग लागली. ते बघून गप्प बसवेना, म्हणून सविस्तर लिहितोय.

टायरच्या रबराला पेट्रोलियम चालत नाही. पटत नसेल तर जुन्या ट्यूबचा तुकडा कापून डिझेलमध्ये बुडवा, दोन-तीन दिवस तसाच ठेवा आणि मग बोटानं दाबून बघा. फुगलेला, लिबलिबीत लागेल. टायरच्या बाजूला, म्हणजे साइडवॉलला, तुम्ही तेच करताय, फक्त हळूहळू. त्या बाजूच्या रबरात नैसर्गिक रबर भरपूर असतं आणि खड्ड्याचा प्रत्येक दणका तिथंच वाकून सोसला जातो. म्हणजे जिथं सगळ्यात जास्त जपायचं, तिथंच तुम्ही रबर सैल करताय.

आता रंगाबद्दल. टायर काळा असतो कार्बन ब्लॅकमुळे, म्हणजे रबरात मिसळलेल्या बारीक काजळीमुळे, आणि तेच उन्हाचा मारा झेलतं. हवेतल्या ओझोननं रबराला भेगा पडू नयेत म्हणून कंपनी रबरातच मेण आणि ६पीपीडी नावाचं रसायन मिसळते. गाडी चालते, टायर वाकतो, तसं ते थोडं थोडं वर येतं आणि ओझोनशी संयोग होऊन तपकिरी पडतं. तुम्हाला जो टायर 'तांबूस, मळका' दिसतो तो पुष्कळदा मळलेला नसतोच, आतलं औषध वर आलेलं असतं. डिझेलच्या फडक्यानं मळाबरोबर तेही निघून जातं.

पॉलिश लावायचंच असेल तर पाण्यातलं (वॉटर बेस्ड) घ्या. पांढरं, पातळ असतं, लावल्यावर चमक फार येत नाही, दोन पावसात जातं. सॉल्व्हंटमधलं तेलकट असतं, वास मारतं आणि झगमगतं. ते घेऊ नका. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागची सगळी धूळ त्यावर बसते, आणि गाडीनं वेग घेतला की चाकामागच्या पत्र्यावर काळे शिंतोडे उडतात.

लावण्याआधी टायर गार होऊ द्या. कार शाम्पू नाहीतर पातळ केलेलं ऑल पर्पज क्लीनर आणि जरा कडक ब्रश. पहिला फेस चहाच्या रंगाचा निघतो. तो पांढरा येईपर्यंत घासा, टायर पूर्ण वाळू द्या, मग स्पंजवर थोडंसं घेऊन फक्त बाजूला लावा. पंधरा मिनिटांनी उरलेलं पुसून काढा. नक्षीला नाही, ब्रेकच्या डिस्कला नाही. आणि अ‍ॅलॉय साफ करायचं अ‍ॅसिडवालं क्लीनर टायरला मारू नका, ते अ‍ॅलॉयवरसुद्धा जपूनच वापरायचं असतं.

हळदपेठ
तंबोरासाहेब, लेख छान. पण आमच्या ट्रॅक्टरचे मागचे टायर वडील कायम डिझेलनंच पुसायचे. ऊस ओढून ओढून नक्षी गुळगुळीत झाली, पण बाजू कधी फुटली नाही. तुमची रसायनं असतील खरी. मला डोळ्यांनी दिसलं ते मी सांगितलं. बाटली घ्यायची, दोन पावसात धुऊन घालवायची, परत बाटली घ्यायची, हे शेतकऱ्याला परवडतं का?

मिरजेचा तंबोरा
ट्रॅक्टरचा टायर जाड, वेग कमी, त्यामुळे तो फारसा तापत नाही. तुमची कार हायवेवर शंभरनं जाते, तेव्हा तोच टायर तापलेला असतो आणि सेकंदाला किती वेळा वाकतो बघा. आणि परवडण्याचंच म्हणाल तर काहीच लावू नका, तेही चालेल. साबणपाणी पुरे आहे. माझा विरोध डिझेलला आहे, काटकसरीला नाही.

वॉशिंगवाला
माझं माधवनगर रस्त्याला वॉशिंग सेंटर हाय. इथं सगळे झगमगत्या पॉलिशला नावं ठेवाय बसलेत म्हणून लिहितोय. गिऱ्हाईक पैसे काढायच्या आधी काय बघतं? टायर! गाडी आतून बाहेरून चकाचक केली आणि टायर कोरडा दिसला, तर "धुतली का नुसतं पाणी मारलं?" म्हणून विचारतंय. पाण्यातलं मारलं तर चमकत नाही, मग तेच गिऱ्हाईक शेजारच्या सेंटरला जातंय. आम्ही पोट कशावर भरायचं?

आणि डिझेलचा फवारा आम्ही चासीला मारतो, गंज धरू नये म्हणून. आमच्याकडं वर्षानुवर्षं चालत आलंय.

यवतेश्वर
साताऱ्याहून लिहितोय. वॉशिंगवाले भाऊ, चासीला मारलेला फवारा चासीपुरता राहतो का? खाली सस्पेन्शनचे रबरी बुश असतात, स्टॅबिलायझर लिंकचे रबरी बूट असतात, ब्रेकचे होज असतात, आणि टायरची आतली बाजू तर समोरच असते. फवारा सगळीकडे बसतो. खडखड आवाज येतो म्हणून गिऱ्हाईक मेकॅनिककडे जातं आणि बुश बदलून घेतं.

दुसरं, दुचाकीला ही चमक कुणी लावून देत असेल तर त्याला थांबवा. माझ्या भाच्याच्या गाडीला पोवई नाक्याजवळच्या एका सेंटरवाल्यानं टायरभर पॉलिश मारून दिलं. यवतेश्वर घाटात पहिल्याच वळणावर गाडी आडवी झाली. पोरगा कोपर सोलण्यावर निभावला, पण मागून एसटी येत होती. दुचाकी वळणावर झुकते तेव्हा टायरची कडच रस्त्याला टेकते. तिथं तेलकट काही लावणं हा गुन्हा समजावा.

आता मुद्द्याचं. तुमचं पाण्यातलं पॉलिशसुद्धा बहुतेकांना लागत नाही. टायरला जपायचं म्हणजे हवा बरोबर ठेवायची आणि गाडी चालवायची. आमच्या गल्लीत निम्म्या घरातली मुलं पुण्यात आहेत आणि गाड्या इथं शेडमध्ये उभ्या. नक्षी नव्यासारखी, बाजूला बारीक भेगा. गाडी हलत नाही, टायर वाकत नाही, मग आतलं मेण वर येणार कसं? मिशेलिनसारखी कंपनी सांगते की ५ वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्या आणि १० वर्षांनी नक्षी शिल्लक असली तरी बदला. दिवाळीला आल्यावर पॉलिश मारून ते १० वर्षं मागं जात नाहीत.

वॉशिंगवाला
दुचाकीच्या टायरला आम्ही कधीच मारत नाही. जो मारतो त्याला धंदा कळत नाही. पण बुशचं खापर आमच्यावर फोडू नका. पेठ रस्त्याच्या खड्ड्यांतनं रोज जाणाऱ्याचं बुश डिझेल न मारतासुद्धा गेलंय.

कराडकर
भेगा झाकायला पॉलिश, हाच खरा विषय आहे. जुन्या गाड्यांचा व्यवहार बघा. गेल्या वर्षी मी एका एजंटाकडून एमएच १० ची, म्हणजे सांगली पासिंगची गाडी घेतली. टायर असे काळेभोर की हात लावावासा वाटेना. पहिला पाऊस झाला, चमक गेली आणि चारही टायरच्या बाजूंना कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा दिसायला लागल्या. पुढं चाकांच्या बेअरिंगचा आवाज सुरू झाला. मेकॅनिकनं सीटखालचं कार्पेट उचललं तर खाली गाळ. पुरातली गाडी! तेव्हापासून सगळ्यांना सांगतो, सांगलीची जुनी गाडी घेऊ नका.

गावभाग
कराडकर, तुम्हाला एका एजंटानं फसवलं आणि बदनाम अख्खी सांगली?

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी ४५ आहे. आम्ही आईला घेऊन बोटीतून निघालो, गाडी दारातच राहिली. परत आलो तेव्हा सीटवर बोटभर गाळ होता आणि डॅशबोर्डवर शेजारच्यांच्या घरातला पाट येऊन पडलेला. विमा कंपनीनं टोटल लॉस धरून गाडी उचलून नेली. पुढं ती कुणी घेतली, कुठं दुरुस्त केली, आम्हाला कुणी कळवलं नाही. पण सांगलीत ती खपली नसणार, कारण इथला माणूस दार उघडताच गाळाचा वास ओळखतो. आता पुण्याचं गिऱ्हाईक एमएच १० वाचलं की आधी भाव पाडतं, मग गाडी बघतं. ज्याचं घर बुडालं त्यालाच परत दंड!

कराडकर
तुमच्या नुकसानीबद्दल मला बोलायचंच नव्हतं. पण माझे पैसे गेले ते खरे गेले. कागदावर पुराचा उल्लेख कुठंच नव्हता.

गावभाग
मग एजंटाला धरा. कराडला संगमावर तुमच्याकडेही पाणी चढतंच की. उद्या तुमच्या कराडची एमएच ५० ची गाडी बघून कुणी तोंड वाकडं केलं तर चालेल? वरनं कोयनेचं पाणी येतं, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाला अडतं म्हणतात, आणि मधे बुडतो आम्ही.

मिरजेचा तंबोरा
अलमट्टी इथं आणू नका, तो विषय सुरू झाला की महिना जातो. पण पुराच्या गाडीचं बोलू, ते कामाचं आहे. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी टोटल लॉस धरते. मग ती भंगार म्हणून विकली जाते आणि घेणारा तिला परत रस्त्यावर आणू शकतो. त्यामुळं गावभाग यांचं बरोबर आहे, ती गाडी दुसऱ्याच गावात जाऊन विकली जाते. नंबरप्लेट बघून काही कळणार नाही.

गावभाग
एवढं तरी कुणी बोललं.

आता माझ्याकडून घ्या, बुडालेली गाडी कशी ओळखायची. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढायचा. वरचा हातभर पट्टा सगळे धुतात, आत गुंडाळलेला भाग कुणी धूत नाही, तिथं पाण्याची रेघ आणि माती दिसते. स्टेपनी उचलून खालचा खळगा बघायचा. सीटच्या रेलखाली बोट फिरवायचं, खरखर लागली तर गंज. फ्यूज बॉक्स उघडायचा. आणि गाडीत अत्तर भसाभस मारलेलं असेल तर तिथूनच मागं फिरायचं. टायर बघून पूर कळत नाही, पाण्यानं टायरला काही होत नाही. गाळ रिमच्या कडेला आणि बेअरिंगमध्ये बसतो.

कराडकर
सीटबेल्टचं माहीत असतं तर वाचलो असतो. ठीक आहे, 'सांगलीची गाडी घेऊ नका' हे शब्द मागे घेतो. 'चमकणाऱ्या टायरची गाडी घेऊ नका' यावर मात्र ठाम आहे.

वॉशिंगवाला
परत टायर आलं. एजंट लोक गाड्या घेऊन येतात, "टायर झगमगले पाहिजेत" म्हणतात. मी पैसे घेऊन काम करतो. त्यांनी ती गाडी कुणाला काय सांगून विकली, ह्याला मी जबाबदार कसा?

यवतेश्वर
तुम्हाला कुणी जबाबदार धरलेलं नाही. पण गिऱ्हाईकाला सांगतो: पॉलिश कितीही मारा, टायरवरची तारीख पुसता येत नाही. लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ चा २३वा आठवडा. हे आकडे पुष्कळदा एकाच बाजूला असतात, त्यामुळं बाहेरून दिसले नाहीत तर आतल्या बाजूला बघा. आणि नक्षीच्या खोबणीतले उंचवटे बघा. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं म्हणजे १.६ मिमी उरलं, टायर कायद्यानंही बाद.

हळदपेठ
तारखेचं माहीत नव्हतं. डिझेलबद्दल मी अजून वडिलांचंच ऐकणार, पण कारला मारणार नाही. ट्रॅक्टरला मारणार.

वॉशिंगवाला
कारला पाण्यातलं पण ठेवतो आता, जो मागेल त्याला. चमकलं नाही म्हणून भांडाय आला तर ह्या धाग्याचा पत्ता देतो. चासीचा फवारा बंद करणार नाही.

तासगावची वेल
दोन दिवस वाचतोय. आज काकांबरोबर विट्याला गाडी बघायला गेलो होतो. नोंदणी २०२१ ची, टायर ओलसर दिसावेत इतके चमकलेले. बाहेरून तारीख नव्हती. उकिडवा बसून मोबाइलचा टॉर्च आत घातला. तीन टायर ०८१८, एक ३१२०. सीटबेल्ट शेवटपर्यंत स्वच्छ, स्टेपनीचा खळगा कोरडा. मालकाला आकडे वाचून दाखवले आणि तीन टायरची किंमत कमी करा म्हटलं. घरात विचारून उद्या सांगतो म्हणालाय.