ऑप्शन फॉर्मचा पासवर्ड मुलांकडे द्यावा की आपल्याकडे ठेवावा?

पडवीतली आई (राजापूर)

मुलगी यंदा बारावी झाली. सीईटीचे गुण आले, आता इंजिनीअरिंगच्या कॅपचा (राज्याच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांचा) ऑप्शन फॉर्म, म्हणजे पसंतीच्या क्रमाने कॉलेजांची यादी, भरायचा आहे. लॉगिनचा पासवर्ड मी तिच्याकडेच दिलाय, माझ्याकडे लिहूनसुद्धा ठेवलेला नाही. त्यावरून आमच्या घरात, वाडीत आणि माझ्या माहेरी बोलणी चाललीत, म्हणून इथे मांडते. माझं मत असं, की कॉलेजांचा क्रम मुलांनी लावायचा. दाखले गोळा करणं आणि पैशाची जुळणी हे आपलं काम. काय शिकायचं हे ठरवणं आपलं काम नव्हे.

थोरल्याच्या वेळी आम्ही नेमकं उलटं केलं होतं. त्याला रत्नागिरीजवळ शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात जायचं होतं. खाडीत पाग टाकत वाढलेला मुलगा तो. पण ह्यांनी आणि माझ्या भावाने ठरवलं, कॉम्प्युटरच. दोघे रात्री उशिरापर्यंत बसले आणि चाळीसेक पर्याय भरून आले. पोरगा शेजारी बसून होता, त्याला कोणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही. पुण्याकडे कॉलेज लागलं, हॉस्टेलही मिळालं. गणपतीला घरी आला. गौरी-विसर्जन झालं, परतीची गाडी होती, आणि तो उठेचना. बॅग उघडून बघितली तर गादीची चादर, उशी, बादलीतला मग, सगळं घेऊन आला होता. पाच दिवस ती बॅग माजघरात होती आणि माझ्या लक्षात आलं नाही.

वर्ष गेलं. पुढच्या वर्षी त्याने स्वतः अर्ज भरला. आज शिरगावला दुसऱ्या वर्षाला आहे, पहाटे चारला उठून मिरकरवाड्याच्या बंदरावर जातो.

म्हणून मुलीच्या वेळी मी बाजूला झाले. तिने दोनशे पानी वहीत रकाने आखलेत: शाखा, गेल्या वर्षीचा कटऑफ, घरून किती तास, मुलींचं हॉस्टेल कुठे. घरात रेंज नाही, म्हणून रोज संध्याकाळी सड्यावर, वरच्या कातळाच्या माळावर, जाऊन माहिती काढते. मे महिन्यापासून स्वतःचे कपडे स्वतः धुते. तुम्ही काय केलंत? आणि मी चुकतेय असं वाटत असेल तर स्पष्ट सांगा.

कुंभार्लीचा एसटीवाला (चिपळूण)

ताई, थोरल्याचं वाचून वाईट वाटलं. पण तुम्ही एका टोकावरून दुसऱ्या टोकाला गेलात.

माझ्या भाच्याची गोष्ट सांगतो. पासवर्ड त्याच्याकडे, क्रम त्याचा. आईबाप शेतकरी, म्हणाले, तुला समजतं तू कर. त्याने मित्रांनी टाकलं म्हणून एक कॉलेज पहिल्या नंबरला टाकलं. तेच लागलं. पहिल्या पसंतीची जागा लागली की ती आपोआप फ्रीझ, म्हणजे पक्की, होते, आणि ती घेतली नाही तर पुढच्या फेऱ्यांतून नाव बाहेर. त्याला हा नियमच माहीत नव्हता. ‘पुढच्या राउंडला चांगलं मिळेल’ म्हणून गप्प बसला. जागा स्वीकारायची मुदत संपली त्या दिवशी तो क्रिकेट खेळत होता. शेवटी खाजगीत मॅनेजमेंट कोट्यातून घेतलं. त्यासाठी बहिणीने दागिने ठेवले, ते अजून सुटलेले नाहीत.

सतरा वर्षांच्या मुलाला ३०० पर्यायांची यादी भरायला देणं हा विश्वास म्हणायचा? मी कुंभार्लीच्या घाटात बावीस वर्षं गाडी चालवली. शिकाऊ ड्रायव्हरच्या हातात स्टेअरिंग देतो आम्ही, पण शेजारी बसून. कर्जाच्या कागदावर सही माझी, हप्ता माझ्या पगारातून. मग क्रमात माझा शब्द का नसावा? माझ्या मुलाचा पासवर्ड माझ्याकडेच राहणार.

सेतूवाला (लांजा)

मी महा-ई-सेवा केंद्र चालवतो. तुम्ही दोघं ज्यावरून वाद घालताय तो पासवर्ड खूप घरांत ना मुलाकडे असतो, ना बापाकडे. तो असतो माझ्यासारख्याच्या वहीत, नाहीतर मुंबईच्या काकाकडे.

गेल्या जुलैत एक मुलगी बापाबरोबर आली. फॉर्म उघडायचा तर ओटीपी हवा, आणि नोंदणीला नंबर दिलेला चाकरमानी काकाचा, कारण ‘त्याला कळतं’. काका लोकलमध्ये, फोन लागेना. बाहेर पाऊस, वीज कधी जाईल त्याचा नेम नाही, आणि बाप दर पाच मिनिटांनी तोच नंबर फिरवतोय. दोन तास ती बाकावर बसून होती. प्रवेश तिचा, आणि दाराची चावी दुसऱ्याच्या खिशात. मी तेव्हापासून नियम केलाय: ईमेल मुलाच्या नावाचा, मोबाइल नंबर घरातला, पासवर्ड मुलाने स्वतः टाइप करायचा, मी मान वळवतो.

आता एसटीवाल्या दादांना. काळजी करायचीच असेल तर अकरावीत करा. आमच्याकडे कुणबी समाजाची मुलं पुष्कळ. जात वैधता प्रमाणपत्राला ओबीसीसाठी १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. तो असतो आजोबांच्या किंवा पणजोबांच्या शाळेच्या रजिस्टरात. ती शाळा शोधायची, मुख्याध्यापकांना भेटायचं, आडनाव तेव्हा वेगळं लावलेलं असलं तर ते निस्तरायचं. हे काम सतरा वर्षांच्या मुलाला जमत नाही. नॉन-क्रिमीलेअरची मुदत बघा, अधिवास काढून ठेवा. वैधता वेळेत दिली नाही तर मुलगा खुल्यात जातो, मग कोणी कितीही हुशारीने क्रम लावलेला असो.

आणि एक. प्रवेश झाला म्हणजे हॉस्टेल मिळालं असं नाही. सरकारी वसतिगृहाचा अर्ज वेगळा. ते नाही मिळालं तर अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधार योजना आहे, अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांना पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे. मुलींना २०२४ च्या जुलैपासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे: मुलगी ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) किंवा ओबीसीतली हवी, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत आणि प्रवेश कॅपमधूनच हवा. पण खोलीभाडं आणि मेस त्यात येत नाही. बाप मुलीला ‘फी माफ आहे’ सांगून मोकळा होतो आणि ऑगस्टमध्ये मेसचे पैसे मागितले की घाबरतो.

हापूसचा राखणदार (रत्नागिरी)

मला मुळात पोरांना हे बाहेर धाडणंच पटत नाही. इथे काय कमी आहे? गोगटे-जोगळेकर कॉलेज १९४५ पासून आहे. दापोलीचं कृषी विद्यापीठ १९७२ चं. लोणेऱ्याला तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. रत्नागिरीत आणि सिंधुदुर्गात आता सरकारी मेडिकलही झालं. २०१२ ला कोकण बोर्ड वेगळं झालं, तेव्हापासून बारावीच्या निकालात आपला विभाग राज्यात पुढे. एवढी हुशार पोरं आपण तयार करतो आणि घाटावर देऊन टाकतो.

माझ्या वाडीत एकवीस घरं. सात उघडी. बाकीची गणपतीला आणि शिमग्याला उघडतात. कलमांना फवारणी करायला माणूस मिळत नाही. प्रत्येक घरातला कोणी ना कोणी ‘फक्त शिकायला’ म्हणूनच गेला होता. आईबापांनी पासवर्ड जरूर ठेवावा आणि पहिल्या दहांत आपल्या जिल्ह्यातली नावं आहेत की नाही ते बघावं.

खोली नंबर चौदा (गुहागरची, सध्या पुण्यात)

मी तिसऱ्या वर्षाला आहे. एसटीवाले काका, राखणदार काका, राग मानू नका, पण तुम्ही आमच्याबद्दल बोलताय आणि आम्हाला विचारत नाही. राजापूरच्या काकूंनी तीच चूक मोकळेपणाने लिहिली आहे.

राखणदार काका, गाव रिकामं होतंय याचं मलाही वाईट वाटतं. पण ते भरायची जबाबदारी सतरा वर्षांच्या मुलीच्या ऑप्शन फॉर्मवर टाकू नका. मला हवी असलेली शाखा आपल्या जिल्ह्यात नव्हती. असती तर मी घरून डबा घेऊन गेले असते.

काकू, तुमच्याही एका गोष्टीवर बोलायचंय. कपडे धुणं मलाही येत होतं. पहिल्याच आठवड्यात कळलं की आपल्या विहिरीच्या पाण्यात होतो तसा फेस इथल्या बोअरच्या पाण्यात होत नाही, साबण दुप्पट लागतो. ते दोन दिवसांत जमतं. जे जमलं नाही ते वेगळंच. सप्टेंबरात ताप आला. डॉक्टरांनी विचारलं, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे का? मला माहीत नव्हतं. लहानपणापासून डॉक्टरांशी आईच बोलायची. मी खुर्चीवर बसून आईला फोन लावला आणि फोन डॉक्टरांकडे दिला. अठरा वर्षांची मुलगी! डॉक्टर काही बोलले नाहीत, पण मला फार लाज वाटली. मुलीला आतापासून दवाखान्यात एकटी जाऊ द्या. बँकेत एकटी जाऊ द्या. फॉर्मवरचा ‘रकमेचा तपशील’ तिने भरू दे.

बाबांनी एक केलं त्याचे मी अजून आभार मानते. रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र भरावं लागतं, मुलाचं वेगळं आणि पालकांचं वेगळं. बाकीच्यांनी न वाचता भरून टाकलं. बाबांनी रात्री जेवण झाल्यावर ते माझ्याबरोबर पूर्ण वाचलं आणि १८००-१८०-५५२२ हा हेल्पलाइनचा नंबर माझ्या फोनमध्ये सेव्ह करायला लावला. म्हणाले, आधी तिथे लाव, मग मला लाव, मी सहा तासांवर आहे. कधी वापरावा लागला नाही. पण त्या वाक्याने मला धीर आला.

आणि फोन कमी करा. माझी आई दिवसातून पाच वेळा करायची. लेक्चरमध्ये फोन थरथरला की मैत्रिणी बघायच्या. शेवटी आम्ही ठरवलं, रात्री साडेनऊला एकदाच.

कर्लीकाठचो (मालवण)

माझा म्हणणा मालवणीत सांगतंय, समजून घेवा. ह्या चेडवाचा सगळा बरोबर, फकत फोनाचा माका पटाक नाय.

माझो झील गेल्या वर्षी पुण्याक गेलो. पासवर्ड तेच्याकडेच होतो, क्रम तेणाच लावलान. आमी काय एक बोलाक नाय. म्हटलंय, पोरगो मोठो झालो, सारख्या सारख्या फोन करून तेका कित्याक त्रास देवचो? आठवड्यातून एकदा करी होतंय. ‘जेवलंस?’ ‘जेवलंय.’ ‘बरो आसंस?’ ‘बरो आसंय.’ संपला. दिवाळीक इलो तेव्हा पँट कमरेत ऱ्हवत नाय होती. मेसचा जेवान तेच्या घशाखाली उतरा नाय. हयसर सकाळी पेज, दुपारी माशाची कढी, तेच्यावर वाढलेलो तो. थंय सकाळी च्या-बिस्कूट, रात्री वडापाव. तीन म्हयने. इचारलंय, सांगूक कित्याक नाय? तर म्हणता, ‘बाबानू, तुमी कर्ज काढून पैसे भरलात, मी जेवणाची तक्रार कशी करू?’

ता आयकान मी भायर जावन खळ्यात बसलंय.

‘जेवलंस?’ म्हणान इचारू नकात, तेचा उत्तर ‘होय’च येता. काय जेवलंस, कोणाबरोबर जेवलंस, ता इचारा. आणि कर्जाची गोष्ट पोरासमोर दर वेळी काढू नकात. एसटीवाले दादा, ह्या तुमका सांगतंय. सही आपली, हप्तो आपलो, खरा आसा. पण ता पोराक इतक्या वेळा आयकवलंव की तेका भूक लागली ता सांगूक लाज वाटली.

खोली नंबर चौदा (गुहागरची, सध्या पुण्यात)

काका, हे वाचून मी आत्ता आईला फोन केला. साडेनऊ वाजायची वाट बघितली नाही.

कुंभार्लीचा एसटीवाला (चिपळूण)

मालवणवाले, तुमचं बोलणं लागलं. हप्त्याचं मी घरात बोलतो, रोज बोलतो. तो ऐकत असतो हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ते थांबवतो.

पण पासवर्डवर मी ठाम आहे. सेतूवाल्यांनीच सांगितलं की एक तारीख चुकली तर बाकी सगळं फुकट. मुलाला तारखा पाळायची सवय अजून नाही. ती लागेपर्यंत माझ्याकडे.

पडवीतली आई (राजापूर)

सगळ्यांचं दोनदा वाचलं. काल रात्री मुलीलाही वाचायला दिलं.

दादा, तारखांचं तुमचं म्हणणं मान्य. कॅलेंडरवर फेऱ्यांच्या आणि जागा स्वीकारायच्या तारखा लाल पेनाने लिहिल्यात, जाता-येता सगळ्यांना दिसतात. आदल्या दिवशी मी आठवण करणार. फ्रीझचा नियम तिला माहीत होता, मला नव्हता, तिनेच समजावला. पण सवय लागेपर्यंत पासवर्ड आपल्याकडे म्हणता, तर ती लागणार कशी? तुम्हीच म्हणालात, स्टेअरिंग शिकाऊच्या हातात आणि आपण शेजारी.

काल ह्यांना शेजारी बसवलं. अट एकच: प्रश्न विचारायचे, वही ओढायची नाही. पहिल्या दहा नावांवर एकेक करून विचारलं. तिसऱ्या नावाला ते म्हणाले, इथे पहिल्या वर्षाच्या मुलींना हॉस्टेल मिळतं का? तिने बघितलेलं नव्हतं. सड्यावर जाऊन कॉलेजच्या ऑफिसला फोन केला, स्वतः बोलली. मिळत नाही म्हणाले. ते नाव तिने आठव्यावर नेलं. ह्यांनी वहीला हात लावला नाही. थोरल्याच्या वेळचं आठवत असणार त्यांना, मान खाली घालून बसले होते.

राखणदार काका, रत्नागिरीतलं एक नाव तिच्या यादीत दुसरं आहे. तिनेच टाकलंय, तुमचं वाचायच्या आधी. गणपतीचं मात्र अवघड झालंय. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि तेव्हा कोणत्या गावाहून यायचं हेच ठरलेलं नसतं. शेवटी एसटी आहेच.

डॉक्टरांचं तर आजच केलं. दाताचं दुखणं होतं, ती एकटी गेली. मी घरी बसून राहिले, ते मला तिच्यापेक्षा जड गेलं.

उद्या फॉर्म कन्फर्म करायचाय. सकाळपासून वीज नाही, फोन शेजारच्यांच्या इन्व्हर्टरवर चार्जिंगला लावलाय. पाऊस असला तरी सड्यावर जावं लागणार. तिचे बाबा छत्री धरायला जातायत.

कुंभार्लीचा एसटीवाला (चिपळूण)

ताई, कन्फर्म झाल्यावर फॉर्मची पीडीएफ लगेच उतरवून घ्यायला सांगा आणि राजापूरला जाऊन एक प्रिंट काढा. भाच्याकडे तीही नव्हती.