भाचीला वर्ल्ड टूरची कॉन्सर्ट दाखवायची आहे: जळगावहून मुंबई बरी की अहमदाबाद?

रावेरचा_मामा
भाची यंदा बारावी झाली. टेलर स्विफ्टची सगळी गाणी पाठ. तिची ‘इरास टूर’ १७ मार्च २०२३ला ॲरिझोनात सुरू झाली आणि ८ डिसेंबर २०२४ला व्हँकुव्हरला संपली. १४९ कार्यक्रम, पण भारतात एकही नाही. त्यातल्या त्यात जवळ म्हणजे सिंगापूर, मार्च २०२४मध्ये सहा रात्री. पोरीने ते लोकांनी टाकलेल्या तुकड्यातुकड्यांत पाहिले, ओट्यावर जिथे रेंज येते त्या कोपऱ्यात उभं राहून. मी शब्द दिलाय, पुढे जो कोणी मोठा गायक भारतात येईल त्याच्या कार्यक्रमाला तिला नेईन. घरातलं कोणीच असल्या कार्यक्रमाला गेलेलं नाही. तिकीट, मुक्काम, परतीची गाडी, सगळंच सांगा.

नंदुरबारकर
भाऊ, दोन्हीकडे असला तर अहमदाबादच. २६ जानेवारी २०२५ला मुलीला घेऊन तिथल्या मोटेरा स्टेडियमला कोल्डप्ले हा ब्रिटिश बँड पाहिला. नवजीवन एक्सप्रेस जळगाव, नंदुरबार, सुरत करत थेट नेते आणि मेट्रो स्टेडियमशीच सोडते.

तिकीट बसायच्या जागेचंच घ्या. उभ्याचं घेतलं तर पुढची जागा धरायला दुपारपासून उन्हात थांबावं लागतं, आणि उंची कमी असली की पुढच्यांच्या पाठीच दिसतात. मनी आंडेर (माझी मुलगी) जेमतेम पाच फूट, पण वरून तिला सगळं दिसलं. आत जाताना मनगटाला एक पांढरा पट्टा देतात, गाण्याबरोबर तो आपोआप रंग बदलतो. एका गाण्याला अख्खं स्टेडियम पिवळं झालं. एवढी माणसं, आणि प्रत्येकाच्या हातात उजेड. पोरीने माझा हात धरून वर केला तो गाणं संपेपर्यंत खाली येऊ दिला नाही. निघताना पट्टा परत द्यायचा असतो, तिने तो काढायला फार वेळ लावला.

त्या रात्रीची परतीची गाडी मात्र काढू नका. नुसतं बाहेर पडायलाच तासभर गेला. आधीच खोली बघा, तारखा जाहीर झाल्या की भाडी चढतात.

चाळीसगावची_ताई
दादा, तिकीट दुसऱ्याकडून घेऊ नका, हात जोडून सांगते. माझ्या पुतण्याने मोबाईलवर ओळख झालेल्या एकाला यूपीआयने पैसे पाठवले. त्याने तोच क्यूआर कोड अजून तिघांना विकला होता. पोरगं मुंबईला गेटवरून परत आलं, आठ दिवस कोणाशी बोललं नाही. अधिकृत विक्रीच्या दिवशी घरातल्या चौघांनी आपापल्या मोबाईलवरून रांगेत बसा. लॉगिन आणि पैसे भरायची सोय आदल्या दिवशीच तपासून ठेवा.

भुसावळ_जंक्शन
महिना बघा. जस्टिन बीबर १० मे २०१७ला नवी मुंबईत, नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमला आला होता, नुसता घामटा. आपण खान्देशातली माणसं ऊन सोसतो, पण त्या गर्दीत वारा लागत नाही. मुंबईलाच जावं लागलं तर दादरपर्यंत जाऊ नका. ठाण्याला उतरा, ट्रान्स हार्बर लोकलने नेरुळ. पाण्याची बाटली, पॉवर बँक, मोठी पिशवी गेटवर अडवतात. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बाहेरच खाऊन घ्या. आतलं खाणं महाग असतं आणि रांगेत दोन गाणी जातात.

धुळेकर
पुणंही धरा. एड शीरन ३० जानेवारी २०२५ला पुण्याला गायला. हैदराबाद, चेन्नई, बंगळुरू, शिलाँग, दिल्ली हे सगळं त्यानंतर. एकटा माणूस, गिटार आणि पायाखालचं लूप यंत्र. वाजवलेला तुकडा तिथल्या तिथे टिपून त्यावरच पुढचा रचत जातो. गाण्याची खरी आवड असलेल्या पोरीला हे बघायला मिळायलाच हवं. धुळ्याहून पुण्याला रात्रीच्या बस आहेत.

रावेरचा_मामा
बठ्ठा वाचून दाखवलं तिला. बसायची जागा नक्की, मुक्काम नक्की. ती म्हणते गायक कोणी का असेना, पट्टा मिळणार असेल तर आधी विचारून ठेव. नंदुरबारकर भाऊ, मोटेराला स्टेजच्या अगदी समोरची बाजू घ्यावी की कडेची? तुम्ही कुठे बसला होतात?

नंदुरबारकर
कडेला, वरच्या मजल्यावर. गायक बोटाएवढा दिसतो, पण पडदे मोठे असतात. पैसे पुरत असतील तर समोरची घ्या.