जर्मन भाषा: कर्कश, कठोर की रांगडी?

अनुवादवेडी: सबटायटल्सचं काम करतेय. त्यात तो प्रसिद्ध विनोद आलाय. फुलपाखराला फ्रेंच माणूस म्हणतो पापियों, इटालियन म्हणतो फार्फाल्ला, स्पॅनिश म्हणतो मारिपोसा. शेवटी जर्मन माणूस मुठी आवळून ओरडतो, "श्मेटरलिंग!" त्याआधी निवेदक जर्मनला 'हार्श' म्हणतो. मी 'कर्कश' लिहिलं, तपासणाऱ्यांनी 'कठोर' केलं. मला दोन्ही पटत नाहीत.

गोदाकाठ: कर्कश असतो तो आवाज. भोंगा कर्कश, कावळा कर्कश. भाषेला आपण रांगडी म्हणतो, कोल्हापुरीला म्हणतो तसं. रांगडीच लिहा.

पंचगंगा: कोल्हापुरीला रांगडी म्हणणारे बहुतेक बाहेरचेच असतात. त्या शब्दाला अडाणीपणाचा वास येतो, आम्हाला तो आवडत नाही.

शब्दमित्र: घरचा शब्द असताना वणवण कशाला? 'परुष', म्हणजे कानाला खरखरीत लागणारं! काव्यशास्त्रात माधुर्यगुणाला, म्हणजे गोडव्याला, टवर्ग वर्ज्य आणि ओजोगुणाला, म्हणजे जोशाला, तोच हवा. पापियों, मारिपोसा यांत ट नाही, श्मेटरलिंगमध्ये आहे. विनोदाची गंमत तिथेच आहे.

अनुवादवेडी: परुष वाचून प्रेक्षक 'पुरुष'चं टंकन चुकलं म्हणतील हो.

शब्दमित्र: म्हणून शब्दच टाकून द्यायचे? असेच मरतात ते.

राइनकाठी: मी कोलोनला राहते. मुळात तो ट आपला आहे. जर्मन त आपल्या ट सारखा मूर्धन्य, म्हणजे जीभ टाळूकडे वळवून काढलेला, नाही, जीभ दातांच्या मागच्या हिरड्यांवर टेकते. आपण नागरीत ट लिहितो आणि मग कडक म्हणतो. मधला 'अर'ही रोजच्या बोलण्यात विरतो, ऐकू येतं ते साधारण 'श्मेटालिंग'. विनोद सांगणारा मुद्दाम र घोळवतो. तसा घोळवून 'पापियों' ओरडा, तेही भांडणच वाटेल. 'मी'ला जर्मनमध्ये 'इश'च्या जवळचं काहीतरी म्हणतात, त्यात कर्कश काय आहे?

गोदाकाठ: पण श्मेटर्न म्हणजे आपटणं ना? फुलपाखराला 'आपट्या' म्हणणारी भाषा!

राइनकाठी: नाही हो. तो श्मेटन, म्हणजे साय, मूळ चेक स्मेताना. फुलपाखराच्या रूपात चेटकिणी साय चोरतात अशी समजूत होती. इंग्रजी नावातही लोणी आहेच.

गोदाकाठ: साय पटत नाही. पंख आपटतं म्हणून श्मेटरलिंग, हे सरळ आहे.

जुनीपानं: अमेरिकन लेखक मार्क ट्वेनची १८८० सालची तक्रार नेमकी उलटी होती. जर्मन भाषेची त्याने भरपूर टर उडवली, पण गडगडाटी गोष्टींना तिचे शब्द फार मवाळ पडतात असं त्याचं म्हणणं. लढाईला 'श्लाख्ट' म्हणत असतील तर तिच्यात मरायला कोण जाईल, असं तो विचारतो. आपल्या कानांवर नंतर युद्धपट आणि हिटलरची भाषणं आदळली. १९४२ साली फिनलंडमध्ये तिथला सरसेनापती मानरहाइम याच्याशी बोलताना हिटलरचं चोरून ध्वनिमुद्रण झालं होतं. त्यात तोच माणूस साध्या, खालच्या सुरात बोलतो.

पंचगंगा: म्हणजे दोष भाषेचा नाही, माईकवर ओरडणाऱ्याचा. आमच्या बोलीचंही सिनेमाने हेच केलं.

शब्दमित्र: ओज हा दोष नाहीच मुळी! परुषच लिहा.

अनुवादवेडी: मला सोमवारी फाइल द्यायची आहे. कुणीतरी एक शब्द सांगा.

मांडवीतीर: आम्ही गोव्यात कोंकणीत फुलपाखराला पिसोळें म्हणतो. चार भाषांत आमचा नंबर कितवा लावाल?

शब्दमित्र: पिसोळें! पीस किंवा पिसं लागणं, दोन्हींशी नातं दिसतं. यावर वेगळा धागा काढा.