थंडीतल्या पॅरामोटर उड्डाणात बोटे बधिर होतात

प्रश्न : डिसेंबरात सकाळी मावळात पॅरामोटर (पाठीवर इंजिन आणि पंखा म्हणजे प्रोपेलर बांधून कापडी छत्राखाली उडण्याचे साधन) उडवताना जाड जाकीट असूनही बोटे बधिर होतात आणि थ्रॉटलचा (इंजिनाचा वेग कमीजास्त करणाऱ्या हातातल्या खटक्याचा) दाब कळत नाही. उपाय सुचवावा.

उत्तर १ : तापमान १० अंश असले, तरी ताशी ४० किलोमीटर वेगाने उडताना लागणाऱ्या वाऱ्यात उघड्या त्वचेला ते सुमारे ६ अंशांसारखे जाणवते. ब्रेकसाठी (छत्र वळवणाऱ्या आणि त्याचा वेग कमी करणाऱ्या दोऱ्यांसाठी) हात उंच धरल्याने बोटांतला रक्तप्रवाहही मंदावतो. म्हणून हवा शांत आणि उंची पुरेशी असेल, तेव्हा एकेक हात खाली घेऊन हलवावा.

उत्तर २ : जाकिटापेक्षा वारा अडवणारा एकसंध सूट बरा. उड्डाण घेण्यासाठी धावताना आलेला घाम वर गेल्यावर गारठवतो, त्यामुळे आतला थर सुती नसून लोकरीचा असावा. मफलर मात्र कटाक्षाने टाळावा, कारण त्याचे सुटे टोक प्रोपेलरमध्ये ओढले जाऊ शकते.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. मफलर आजच कपाटात गेला.