नोव्हेंबरअखेर रात्री मस्की: ट्रोलिंग (चालत्या बोटीमागे आमिष ओढणं) की कास्टिंग (आमिष फेकून गुंडाळणं)?

सेंटपॉलकर:
मिनेसोटात मस्कीचा (मोठा शिकारी मासा) हंगाम १ डिसेंबरला संपतो, त्याआधी मिल लॅक्स तळ्यावर रात्री जायचं आहे. पाणी ४० फॅरनहाइटच्या आसपास असेल. दोघं जण, १८ फुटी बोट. किती खोल पाण्यात फिरायचं? उन्हाळ्यातले बकटेल (केसाळ, फिरत्या पात्याचं आमिष) चालतील का? आणि रॉडच्या दोरी ओवायच्या कड्यांत बर्फ धरतो त्याचं काय?

खडकाळ:
बकटेल घरीच राहू द्या. या दिवसांत टलिबी हा मासा अंडी घालायला रात्री उथळ खडकांवर चढतो आणि मस्की त्याच्या मागे येते. त्यामुळे शेजारीच खोल पाणी असलेला खडकाळ उंचवटा शोधा आणि त्याच्या कडेकडेने ८ ते १२ फुटांत ट्रोलिंग करा. उजेड असतानाच एक फेरी मारून जीपीएसवर रेघ आखून ठेवा, अंधारात तीच गिरवायची.

दहा इंची, रुंद डुलणारा क्रँकबेट (माशाच्या आकाराचं कडक आमिष), ताशी अडीच मैल. पाणी ४० च्या खाली गेलं तर दोन. दोरी ३० ते ५० फूट पुरे. खडकाला अधूनमधून टक्कर बसली तर उत्तमच, सारखी बसत असेल तर दोरी कमी करा. खरी नजर हवी ती रॉडच्या टोकावर: थरथर थांबली की गळाला शेवाळ किंवा पान अडकलंय. गुंडाळून साफ करा, नाहीतर तासभर कचराच ओढत बसाल.

माणशी एकच दोरी, हा कायदा. दोन रॉड दोन वेगवेगळ्या खोलींवर लावा. रिळाचा ड्रॅग (दोरी सुटू देणारा ब्रेक) थोडा सैल हवा. ब्रेड म्हणजे विणलेली दोरी ताणली जात नाही, घट्ट ठेवलात तर फटक्यासरशी गळ तोंडातून फाटून निघतो.

बर्फाळ_रीळ:
कड्यांतला बर्फ नखाने किंवा पकडीने खरवडू नका, आतली सिरॅमिक रिंग तडकते. रॉडचं टोक तळ्यात बुडवा, पाणी हवेपेक्षा गरम असतं, बर्फ सुटतो. लिप बाम लावलात तर थोडा वेळ निभावतं. कास्टिंगमध्ये ओली दोरी दर फेकीला कड्यांतून जाते, म्हणून या थंडीत ट्रोलिंगच परवडतं.

जाळंही गोठून कडक होतं. मासा जवळ येण्याआधी ते पाण्यात बुडवून मऊ करा. गळ काढायचा तो मासा जाळ्यात, पाण्यातच ठेवून. खोल रुतला असेल तर बोल्ट कटरने गळच तोडा. गोठत्या हवेत कल्ले आणि डोळे लगेच बिघडतात, फोटोसाठी काही सेकंदच वर घ्या.

सेंटपॉलकर:
आभारी आहे. आणि वारा नसेल तर? कास्टिंगला काहीच अर्थ नाही का?

उत्तरवारा:
आहे की. उंचवटा छोटा असेल तर ट्रोलिंगमध्ये वळण्यातच वेळ जातो. तिथे जड रबरी आमिष टाकून, तळाला लागू देऊन, सावकाश ओढा. बोटीपाशी रॉडच्या टोकाने पाण्यात आमिषाचा मोठा इंग्रजी आठचा आकडा (8) काढल्याशिवाय आमिष उचलू नका.

वाऱ्याचा अंदाज मात्र निघण्यापूर्वी बघाच. मिल लॅक्स प्रचंड पण उथळ आहे, त्यामुळे लाटा आखूड आणि उभ्या उठतात. लाइफ जॅकेट अंगावर, किल स्विच (माणूस पडला की मोटर बंद करणारा) जोडलेला. बोट उतरवायच्या रँपवरचे लाकडी धक्के तोवर काढलेले असतात, गमबूट न्या. बोट बाहेर काढल्यावर मोटर सरळ खाली ठेवून पाणी निथळू द्या, आत राहिलेलं पाणी गोठलं तर इंपेलर (मोटरला थंड ठेवणारं पाणी फिरवणारा पंखा) जातो. रँपवर पसरायला वाळूची एक पिशवी असू द्या, ट्रेलरचं गळलेलं पाणी तिथल्या तिथे बर्फ होतं.