आरसा गेला आणि माझी ८५ मुकी झाली: चालता डीएसएलआर विकून मिररलेस घ्यावा का?

निवांत इंदूरकर

स्पष्टच लिहितो. मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा, घेऊन मी पस्तावलोय. हौशी माणसाने चालता डीएसएलआर, म्हणजे आरशाचा कॅमेरा, विकून त्याच्या मागे लागू नये, असं माझं मत झालंय. कोणाला खोडायचं असेल तर खुशाल खोडा.

मागच्या वर्षी दसऱ्याला माझा निकॉनचा डीएसएलआर डी-७२०० पुतण्याला देऊन टाकला आणि निकॉनचाच मिररलेस झेड-५ घेतला. सोबत जुन्या लेन्स लावायला एफटीझेड अडॅप्टर. दुकानदाराला तीनदा विचारलं, माझ्या सगळ्या लेन्स चालतील ना? तीनदा उत्तर आलं, "सब चलेगा, सर." घरी येऊन जुनी ८५ एमएम १.८ डी लेन्स चढवली, आईला खिडकीशी बसवलं, बटण अर्धं दाबलं. काही नाही. डी-७२०० वर हीच लेन्स फोकस करताना शिवणयंत्रासारखी घरघरायची, आता चूं नाही की चां नाही. आई म्हणाली, "काढलास का?" मी म्हटलं, "थांब जरा." पाच मिनिटांनी ती उठून मेथी निवडायला गेली.

मग शोधल्यावर कळलं. डी लेन्समध्ये स्वतःची मोटर नसते. बॉडीतली मोटर एका बारक्या स्क्रूने लेन्सचं फोकस फिरवते. डी-७२०० मध्ये ती होती. झेड-५ मध्ये नाही, एफटीझेडमध्येही नाही. फोटो निघतो, उजेड मोजणारा मीटर चालतो, फोकस मात्र हाताने. म्हणजे दुकानदार खोटं बोलला नाही. लेन्स चालते. बंद पडलेली स्कूटरही ढकलली की चालतेच.

त्यात बॅटरी. कंपनीच्याच कागदावर डी-७२०० चे एका चार्जमध्ये ११०० च्या वर फोटो, झेड-५ चे ४०० च्या आसपास. पूर्वी मांडवगडला दोन दिवस गेलो तर चार्जर घरीच असायचा. आता चार्जर आधी, टूथब्रश नंतर.

लग्नाळू लेन्स

दादा, राग दुकानदाराचा आणि फटके खातोय बिचारा मिररलेस!

माझं पोट यावर आहे म्हणून सांगतो. आठ वर्षं निकॉनचा डीएसएलआर डी-७५० वापरला, कॅमेरा म्हणून सोनं. पण त्याचे ५१ फोकस पॉइंट सगळे चौकटीच्या मधोमध गर्दी करून. नवरी कडेला असली की आधी मधल्या पॉइंटने डोळ्यावर फोकस धरायचा, मग कॅमेरा सरकवून चौकट बांधायची. लेन्स १.८ पर्यंत पूर्ण उघडली की एवढ्या सरकण्यात फोकस डोळ्यावरून नथीवर जातो. नथ काय सुरेख यायची! एकेक मोती मोजून घ्या. डोळे मात्र धुक्यात.

अंतरपाट खाली येतो तो क्षण किती असतो? अक्षता उडतायत, मामा मध्ये हात घालतोय, मागून कोणीतरी मोबाइल वर केलाय. आता कॅमेरा स्वतः डोळा शोधतो, चौकटीच्या पार कडेपर्यंत धरून ठेवतो. मी फक्त चेहऱ्यावरचे भाव बघतो. शिवाय फोटो उजळ येणार की काळा, हे दाबायच्या आधीच व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतं. पिवळा हॅलोजन आणि निळा एलईडी एकाच मांडवात असतात तेव्हा त्याची किंमत कळते.

बॅटऱ्या सहा बाळगतो. त्यात काय मोठंसं.

निवांत इंदूरकर

भिया, तुमचा कॅमेरा महिन्याला कमावतो. माझा वर्षाकाठी आईचे, नातीचे आणि चार सूर्यास्तांचे फोटो काढतो. सहा बॅटऱ्यांचा हिशेब बायकोला कोण देणार?

ए-६४००

सोनी घ्या. विषय संपला.

मालवी तिखट

आले बघा. अजून पोह्यांवर जीरावन मसालासुद्धा पडला नाही आणि हे जेवून हात धुवून मोकळे.

षड्ज

मी गाण्याच्या बैठकींचे फोटो काढते, ते एकच कारण मला पुरेसं आहे.

उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या गावात, इंदूरला, विलंबित ख्याल ऐकायला बसलेला श्रोता कसा असतो ते तुम्हाला माहीत आहे. झूमरा ताल चाललाय, गायिका समेच्या अलीकडे स्वर धरून थांबली आहे, तबलजीचा हात वर. आणि माझा डीएसएलआर म्हणतो, खटाक! तिसऱ्या रांगेतल्या एका काकांनी मान वळवून माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी आजतागायत विसरलेले नाही. त्यानंतर मी फक्त तिहाई संपून टाळ्या पडतात तेव्हाच बटण दाबायचे. म्हणजे माझ्याकडे सगळ्या कलावंतांचे नमस्कार करतानाचेच फोटो.

मिररलेसवर सायलेंट मोड लावला की काहीच हलत नाही. ना आरसा, ना शटर. आता मला स्वर लावतानाचे चेहरे मिळतात. हे आरशाच्या कॅमेऱ्याने करून दाखवा.

निवांत इंदूरकर

ताई, सायलेंटचं नाव काढलंत म्हणून जखमेवर मीठ. अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले देखावे, बघायला गेलो होतो. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, तरी कामगार आणि त्यांची मुलं झांकी काढतात. रात्रभर उभं राहावंसं वाटतंच. गर्दीत आवाज नको म्हणून मीही सायलेंट लावला. (गर्दीत ढोल वाजत होते, आवाज कोणाला ऐकू जाणार होता हे नंतर सुचलं.) सकाळी फोटो उघडले तर प्रत्येक झांकीवर आडवे काळे पट्टे. हनुमान लंका जाळतोय आणि लंकेवर झेब्रा क्रॉसिंग.

काचकाम

तो दोष कॅमेऱ्याचा कमी, सेटिंगचा जास्त. सायलेंट मोडमध्ये सेन्सर सगळी चौकट एकदम वाचत नाही, वरून खाली एकेक ओळ वाचत जातो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून तिच्यावरचे बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला कळत नाही. पण काही ओळी तेजात वाचल्या जातात, काही मंद असताना. तेच पट्टे. झांकीला मेकॅनिकल शटर लावा आणि १/१०० किंवा १/५० सेकंदावर राहा, पट्टे जवळजवळ जातील. डिमर लावलेले काही एलईडी तरीही दगा देतात.

आता मूळ मुद्दा. आरसा नुसता आवाजासाठी काढलेला नाही. आरसा उघडमीट करायला लेन्स आणि सेन्सर यांच्यामध्ये जागा सोडावी लागते. निकॉनच्या जुन्या एफ माउंटमध्ये (लेन्स बसवायच्या खाचेत) ती ४६.५ मिलिमीटर आहे, झेडमध्ये १६. लेन्सची मागची काच सेन्सरच्या जवळ नेता येते. वाइड लेन्स बनवणाऱ्याला याचा फार फायदा, कडेचे कोपरे बघा म्हणजे समजेल. आणि उरलेल्या ३०.५ मिलिमीटरच्या पोकळीतच तुमचं एफटीझेड बसतं. १९५९ पासूनच्या कितीतरी एफ माउंट लेन्स त्यामुळे त्यावर चढतात. उलटं करून बघा, झेडची लेन्स डी-७२०० वर कधीच चालणार नाही.

आणखी एक. २०२० नंतर कॅनन आणि निकॉन दोघांनीही नवा डीएसएलआर काढलेला नाही. नव्या लेन्स तिकडे येणार नाहीत. जुन्या वाड्याला प्रेमाने रंग देत बसा, पण गल्लीतला रस्ता आता दुसरीकडून जातो.

सिरपूरवाला

काचकाम, रस्ता कुठूनही जाऊ द्या, माझा वाडा गळत नाही तोवर मी तिथेच.

डी-५०० हा डीएसएलआर आणि २००-५०० ही लेन्स, एवढाच माझा संसार. सिरपूर आणि यशवंतसागर ही इथली तळी, दोन्ही २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आली. त्याआधीपासून मी तिथल्या चिखलात बसतोय. यशवंतसागरला पहाटे सारसाच्या जोडीची वाट बघताना तासन्‌तास काही घडत नाही. मिररलेसवाला मित्र शेजारी असतो. बॅटरी वाचावी म्हणून त्याचा व्ह्यूफाइंडर झोपतो. सारस ओरडतो, दोघंही डोळा लावतो. माझ्याकडे काच आहे, सारस तिथेच दिसतो. त्याच्याकडे आधी काळोख, मग पडदा जागा होतो, तोवर सारसाचे पाय जमिनीवरून उचललेले. पळत उड्डाण घेतो तो पक्षी, ती पहिली चार पावलंच तर फोटो असतात.

आणि वजनाचं कौतुक तर सांगूच नका. माझी २००-५०० ट्रायपॉड कॉलरसकट २३०० ग्रॅम, झेडची १८०-६०० कॉलरसकट २१४०. फरक १६० ग्रॅमचा. एवढी शेव मी पोह्यांवर घालतो.

लग्नाळू लेन्स

मित्राला सांगा झोपायची वेळ सेटिंगमधून वाढवायला आणि खिशात एक जास्तीची बॅटरी ठेवायला. एकदा उडालेला सारस पानाफांद्यांतून जाताना पक्ष्याचा डोळा धरणारा नवा कॅमेरा त्याच मित्राच्या हातात देऊन बघा. मग दहा फोटोंपैकी कोणाचे किती शार्प ते मोजू.

सिरपूरवाला

ते मोजलंय. त्याचे जास्त येतात. हे मी त्याला सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका. पण त्या कॅमेऱ्याच्या किमतीत माझा डी-५००, लेन्स आणि पाच वर्षांचं पेट्रोल येतं.

जुना रोल

तुम्हा मुलांचा आरशाबद्दलचा कळवळा बघून गंमत वाटली. लाला दीनदयाळ १८६६ साली इथेच इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीला लागले. १८७४ मध्ये त्यांनी फोटोग्राफी सुरू केली, पुढे निजामाच्या दरबारी जाऊन राजा दीनदयाळ झाले. त्यांच्या पेटीकॅमेऱ्यात आरसा होता कुठे? मागे दुधी काच, डोक्यावर काळं कापड, आणि काचेवर समोरचा माणूस खाली डोकं वर पाय. तो उलटा माणूस सरळ दिसावा म्हणून पुढे आरसा आणि प्रिझमचं लचांड आलं. आता तेच काम पडदा करतो. मिररलेस म्हणजे नवीन काय, आपल्या गावाने आधी तोच पाहिलाय.

आणि निवांतराव, हाताने फोकस करावं लागतं म्हणून एवढं रडू? मी ३६ फोटोंच्या रोलवर अख्खं लग्न काढलंय, तेही हातानेच फिरवून. तुमच्या व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र मोठं करून बघता येतं, फोकसची कड रंगीत होऊन दिसते (पीकिंग). आम्हाला कोणी एवढे लाड केले नाहीत. आईला परत बसवा खिडकीशी.

निवांत इंदूरकर

काका, बसवलं. तुमचा प्रतिसाद वाचूनच काल संध्याकाळी बसवलं. पीकिंग लाल रंगावर लावलं. आईची साडी लाल. मग पिवळ्यावर नेलं. चित्र मोठं करून पापणीवर रिंग फिरवली, पण या डी लेन्सची रिंग ऑटोफोकससाठीच केलेली, केसभर फिरवली की फोकस पापणीवरून भुवईवर. अकरा फोटो काढले, दोन बरे आले. त्यातला एक खरंच चांगला आहे. आई म्हणाली, "पूर्वीचा कॅमेरा लवकर काढायचा."

बॉडीतल्या स्टॅबिलायझेशनमुळे (हात हलला तरी सेन्सर सावरून घेतो) १/३० सेकंदाला हातात धरूनही हलला नाही, हे मान्य करतो. डी-७२०० वर या लेन्सला ते जमलं नसतं. एवढंच मान्य, बाकी मत तेच.

आता एक प्रश्न लग्नाळूंना. लेन्स बदलताना डीएसएलआरमध्ये सेन्सरसमोर आरसा आणि शटर असतं. माझ्या झेड-५ मध्ये झाकण काढलं की सेन्सर उघडाच. खरं सांगा, रंगपंचमीच्या गेरमध्ये (रंगांच्या मिरवणुकीत) राजवाड्यासमोर तुम्ही कोणता कॅमेरा नेता?

लग्नाळू लेन्स

हा प्रश्न कोणीतरी विचारणार हे माहीत होतं.

जुना डी-७५०. एकच लेन्स, घरूनच लावलेली, वर दुधाची पिशवी कापून रबरबँड, पुढे फिल्टर. टोरी कॉर्नरपासून राजवाड्यापर्यंत लेन्स काढायची नाही, मग आरसा असो वा नसो. वरून गुलाल येतो, टँकरमधून पाणी येतं, आणि दोन्ही मिळून जो चिखल होतो तो कोणत्याही कंपनीच्या सीलिंगने तपासलेला नाही. मिररलेस घरी ठेवतो कारण तो बिघडला तर सीझन जातो. डी-७५० बिघडला तर फक्त वाईट वाटेल.

मालवी तिखट

म्हणजे पुरावा मिळाला. ज्याच्यावर प्रेम तो घरी, ज्याच्यावर भरवसा तो गेरमध्ये.

लग्नाळू लेन्स

ज्याची ईएमआय चालू आहे तो घरी, असं वाचा.

आणि निवांतदादा, डी-७५० मध्ये ती स्क्रूवाली मोटर आहे. तुमची ८५ डी त्यावर पहिल्यासारखी घरघरेल. फंगस नसेल आणि पुढच्या काचेवर ओरखडा नसेल तर आठ हजार देतो.

सिरपूरवाला

नऊ. डी-५०० मध्येही मोटर आहे.

निवांत इंदूरकर

लेन्स विकाऊ नाही. पुतण्याकडून डी-७२०० आठवडाभरासाठी मागवलाय.